अकरावीतला मुलगा आणि गांजा

प्रश्न (नेरुळ) : माझा सोळा वर्षांचा मुलगा अकरावीत आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरात गांज्याची पुडी सापडली. ‘झाडाचाच पाला आहे, सिगारेटपेक्षा बरा,’ असे तो म्हणतो आणि मित्रांबरोबर महिन्यातून दोनतीनदा ओढल्याचे कबूलही करतो. त्याचे वडील लघवीची तपासणी करायला निघाले आहेत. यातून खरेच किती नुकसान होते, आणि उपचारांसाठी गेल्यास पोलिसांचा ससेमिरा तर मागे लागणार नाही ना?

उत्तर १ (ठाणे, समुपदेशक) : ताई, येथे वय सर्वांत महत्त्वाचे आहे. निर्णय आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि गांज्यातील टीएचसी हे द्रव्य त्या घडणीतच ढवळाढवळ करते. म्हणून नियमित ओढणाऱ्या मुलांची स्मरणशक्ती व एकाग्रता कमी झालेली दिसते. गांजा ओढणाऱ्या साधारण दहांपैकी एकाला व्यसन लागते, तर किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत सहांपैकी एकाला. घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर भास आणि संशय सुरू होण्याचा धोका आणखी वाढतो, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांना आधी सांगावी. लघवीच्या तपासणीतून त्याने गांजा घेतला होता एवढेच कळते, तो का घेतो हे कळत नाही. बळजबरीने केली, तर आज तो जे मोकळेपणाने सांगतो आहे तेही बंद होईल.

उत्तर २ (घणसोली) : आम्ही हीच चूक केली होती. तपासणी केली, मोबाइल काढून घेतला, आणि त्यानंतर मुलगा चार महिने आमच्याशी धड बोलला नाही.

उत्तर ३ (ठाणे, वकील) : अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४ अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला त्या आरोपाच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. शिवाय मुलगा अल्पवयीन असल्याने त्याच्याबाबत बाल न्याय कायदा लागू होतो, आणि त्याच कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक आहेत.

प्रश्नकर्ती : माझ्या धाकट्या दिरांना विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला होता. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही, मुलालाही ते ठाऊक नाही. आज रात्री त्याला आधी तेच सांगते आणि सोमवारी दोघे मिळून डॉक्टरांकडे जातो.