2010 ची बोलेरो : इंजिन बांधून घेऊ का जुनं दुसरं बसवू?

सांगोला_डाळिंबवाला :
नमस्कार मंडळी. वडिलांनी 2010 ला घेतलेली डिझेल बोलेरो आहे, 2 लाख 90 हजार किमी झालेत, गाडीनं आजवर कधी दगा दिला नाही. पण आता सकाळी स्टार्टला लय वेळ घेते, निळा धूर मारते आणि हजार किमीला लिटरभर ऑइल खाते. आमचा मिस्त्री म्हणतो इंजिन कामाला आलंय, फुल काम 75 हजार. दुसरा एकजण म्हणतो कशाला खोलता, कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून 60 मध्ये बसवून देतो, दोन दिवसात गाडी चालू. मागच्या वर्षीच री-पासिंग झालंय, 2030 पर्यंत कागद आहे, चेसिसला गंज नाही. विकायची म्हटलं तर वडील जेवतसुद्धा नाहीत आणि खरं म्हणजे माझंही मन होत नाही. काय करू?

लेथवाला_मिरज :
दादा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कुणी चेक केलं का? नुसत्या धुरावरून इंजिन उतरवू नका. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून तिथंच ठेवा, झाकण नाचायला लागलं, भकाभका वाफ आली तर पिस्टनच्या रिंगमधून गॅस खाली उतरतोय. मग गेज लावून चारही सिलिंडरचं रीडिंग घ्या. एकच खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाचं पॅकिंग) असू शकतं, ते वरच्यावर कमी पैशात होतं. चारही खाली असतील तर लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि पिस्टनचं काम आलं. आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) असेल तर त्याचा पाइप काढून आत ऑइल किती आहे ते बघा, टर्बोचं सील गेलं तरी असाच निळा धूर येतो, आणि लोक उगाच इंजिन खोलून बसतात!

घाटवाट :
जुनं इंजिन घेऊ नका भाऊ, मी चुकलोय. माझ्या गाडीला बसवलेलं, दुकानात स्टार्ट करून दाखवलं तेव्हा एकदम गोड आवाज, आठ महिन्यात बेअरिंग वाजायला लागलं. ते किती चाललंय, कधी तापलंय हे कोण सांगणार. शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो, बदललं की आरटीओत नोंद पाहिजे, त्यासाठी त्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद लागतात, इन्शुरन्सला पण कळवायचं. नंबर जुळला नाही तर उद्या क्लेमला अडकाल. तुमचं इंजिन तुम्हाला माहितीय, तेच बांधा.

लेथवाला_मिरज :
बरोबर बोललात. फक्त ब्लॉकला क्रॅक असेल किंवा क्रँक (पिस्टनमुळं फिरणारा दांडा) ग्राइंडिंगच्या पलीकडं गेला असेल तर मात्र जुनं इंजिन बघायला लागतं, तेही कागदासकट. बांधायचं ठरलं तर नुसत्या रिंगा बदलून घेऊ नका, अंडाकृती झालेल्या लायनरमधे नवी रिंग बसतच नाही, सहा महिन्यात परत धूर. क्रँक मायक्रोमीटरनं मोजून घ्या, हेडची प्रेशर टेस्ट करा, ऑइल पंप आणि रेडिएटर त्याच वेळी बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एअर फिल्टरकडून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप कुठं फाटलाय का? शेतातल्या रस्त्याची धूळ आत जात असेल तर नवे लायनरसुद्धा टिकणार नाहीत.

सांगोला_डाळिंबवाला :
आज गेज लावलं. चारही सिलिंडर खाली आहेत, जवळपास सारखेच. झाकण तर उडूनच पडलं. आणि मास्तर, तो पाइप क्लॅम्पच्या खाली दोन बोटं चिरलेला निघाला, आम्ही इतकी वर्षं नुसता फिल्टर झटकत होतो. टर्बोचा पाइप कोरडा आहे. बांधूनच घेतोय, वडिलांनी क्रँक मोजायच्या वेळी स्वतः लेथवर येतो म्हणून सांगितलंय. पहिलं ऑइल किती किमीला बदलू?

लेथवाला_मिरज :
500 ला बदला, फिल्टरसकट. पहिले हजार किमी रेस दाबू नका, ओढायचं काम देऊ नका. पण सगळ्यात आधी तो पाइप नवीन टाका.