संशोधन खुले करण्याचा समन्वय कोणाकडे असावा?

ग्रंथपाल, सांगली (चर्चाप्रस्ताव)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात जाऊ लागले आणि ते आज कोणालाही घरबसल्या वाचता येतात. त्याच प्रबंधातून निघालेला शोधनिबंध मात्र पुष्कळदा प्रकाशकाच्या वर्गणीआड राहतो, आणि ज्या महाविद्यालयात ते काम झाले तेथील ग्रंथालयाकडेही त्याची प्रत नसते. ही विसंगती दूर करण्यासाठी प्राध्यापकांनी पदरचे पैसे भरून छापावे, असे मी म्हणत नाही. बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला त्याचा स्वीकृत मसुदा, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त झालेली परंतु प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत, संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन भांडारात, ठेवू देतात. फक्त ती उघड करण्यापूर्वी काही महिने, क्वचित दोन वर्षेही, थांबावे लागते. शिवाजी विद्यापीठाने कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांसाठी अशी एक सामाईक व्यवस्था चालवावी आणि प्रत्येक महाविद्यालयात तिचा समन्वय ग्रंथपालाने करावा, असा माझा प्रस्ताव आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वार्षिक अहवालासाठी आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) दरवर्षी प्रकाशनांची यादी मागवतेच. तेव्हाच मसुद्याची फाईलही मागून घ्यावी.

प्राध्यापक (रसायनशास्त्र), कराड

सर, हेतूबद्दल वाद नाही, परंतु आयक्यूएसीच्या यादीची वेळ साधण्याची कल्पना टिकणारी नाही. यादी मागवली जाते तोपर्यंत निबंध छापून कित्येक महिने उलटलेले असतात आणि लेखकाकडे उरते ती प्रकाशकाची पीडीएफ, जी ठेवण्याची परवानगी बहुधा नसते. स्वीकृत मसुदा एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर असतो आणि तो विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला निघून गेलेला असतो. शिवाय केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियतकालिकांची वर्गणी केंद्राने भरण्याच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले असून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात आहेत. वाचनाची अडचण केंद्र सोडवत असताना आपण समांतर भांडार उभे करून शिक्षकांच्या माथी आणखी एक अर्ज कशासाठी मारायचा?

मुक्त अभ्यासक, वाई

ही योजना सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आखलेली आहे. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला, खासगी महाविद्यालयातील शिक्षकाला किंवा तासगावच्या द्राक्षबागायतदाराला सल्ला देणाऱ्या कृषी पदवीधराला तिचा उपयोग नाही. सरकारने वर्गणी भरली म्हणजे वाचणाऱ्यांचा परीघ वाढला. संशोधन खुले झाले, असे त्यास म्हणता येणार नाही. वर्गणीची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर तो परीघ पुन्हा आक्रसेल. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्येच खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले आणि कृषिकोश हे भांडारही चालवले. शेतीसाठी जे करता आले, ते कासच्या पठारावरील वनस्पतींच्या अभ्यासासाठी का करता येऊ नये?

प्राध्यापक (रसायनशास्त्र), कराड

द्राक्षबागायतदाराचा दाखला प्रत्येक चर्चेत येतो. तो सल्लागार इंग्रजीतील शोधनिबंध उघडून औषधाची मात्रा ठरवत असेल, असे मला वाटत नाही. वाचक कोण, हे प्रामाणिकपणे सांगावे: दुसऱ्या महाविद्यालयातील संशोधक.

संशोधक विद्यार्थिनी, सातारा

असेना का दुसऱ्या महाविद्यालयातील संशोधक. तो मीच आहे. आमच्याकडे ‘ओपन ॲक्सेस’, म्हणजे खुला प्रवेश, म्हटले की पैसे भरा आणि छापा, एवढाच अर्थ घेतला जातो आणि त्याला कारणही आहे. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०२० मध्ये निबंध खुला छापण्याचे लेखकशुल्क ९,५०० युरो जाहीर केले होते, आणि दुसऱ्या टोकाला काही हजार रुपयांत आठवड्यात स्वीकृती देणारी बनावट नियतकालिके आहेत. त्यांना आवर घालण्यासाठी केलेली मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख करण्याचा भार आता संस्थांवर आणि प्रत्यक्षात विद्यार्थ्यांवर आला आहे. भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, हे मला मार्गदर्शकांकडून नव्हे, ग्रंथालयातून कळले. कोणत्या प्रकाशकाची कोणती प्रत कधी ठेवता येते, हे पाहण्यासाठी शेर्पा रोमिओ या नावाने परिचित असलेली माहितीसूचीही तेथेच दाखवली गेली. समन्वय ग्रंथपालांकडे असावा असे मला वाटते ते यामुळे.

सहयोगी प्राध्यापक (मराठी), विटा

येथे सगळी चर्चा इंग्रजी नियतकालिकांभोवती फिरते आहे. मराठीतील आणि सामाजिक शास्त्रांतील लेखन छोट्या नियतकालिकांत किंवा एकदिवसीय चर्चासत्रांच्या विशेषांकांत छापले जाते; त्या विशेषांकांतील काहींचा दर्जा काय असतो, ते आपण सगळे जाणतो. परंतु जे चांगले आहे तेच आधी हरवते, कारण अंक बंद पडला की प्रत कोणाकडेच नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. आमच्यापैकी अनेकांनी असे काहीच लिहून दिलेले नाही, म्हणजे छापील लेखसुद्धा आम्ही उद्या भांडारात ठेवू शकतो. रसायनशास्त्राच्या अडचणी सुटेपर्यंत मराठी विभागांनी थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

माजी प्राचार्य, सातारा

विद्यापीठाने चालवावे म्हणजे कोणत्या? साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले, कराडला अभिमत विद्यापीठ आहे, तिन्ही जिल्ह्यांत स्वायत्त महाविद्यालये आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या परिपत्रकाने ही सगळी बांधली जाणार नाहीत. एकाच यंत्रावर सर्वांची भांडारे असण्याचा आग्रह धरला, तर पाच वर्षे बैठकांत जातील.

ग्रंथपाल, सांगली

आपला आक्षेप मान्य आहे आणि त्यावर तांत्रिक उत्तर उपलब्ध आहे. निरनिराळ्या रिपॉझिटरींतील नोंदी आपोआप गोळा करण्यासाठी ओएआय-पीएमएच हा संकेत दोन दशकांहून अधिक काळ वापरात आहे, आणि रिपॉझिटरी चालवण्याची डीस्पेससारखी विनामूल्य प्रणाली तो पाळते. म्हणून यंत्रे वेगळी असली तरी चालतील; लेखकाचे नाव, विभाग, स्वीकृतीची तारीख आणि परवाना या नोंदी मात्र सर्वांनी एकाच पद्धतीने कराव्या लागतील. कराडच्या सरांचा वेळेचा मुद्दाही मी स्वीकारतो. मसुदा स्वीकृतीच्या पत्राबरोबरच घ्यायला हवा. तो मिळण्यासाठी बेल्जियममधील लिएज विद्यापीठाने जे केले ते पाहावे: भांडारात नोंदवलेली प्रकाशनेच अंतर्गत मूल्यमापनात धरली जातील, असा नियम त्यांनी केला. आपल्याकडे कॅसच्या, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नती योजनेतील, पदोन्नतीसाठी तीच अट घालता येईल.

प्राध्यापक (रसायनशास्त्र), कराड

याच ठिकाणी माझा विरोध सर्वात तीव्र आहे. अनेक अनुदानित महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे आणि वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालतात. जिथे मसुदा स्वीकारायला माणूस नाही, तिथल्या शिक्षकाची पदोन्नती त्या मसुद्यावर अडवणे हा अन्याय ठरेल. सहलेखक दुसऱ्या संस्थेत असेल, किंवा कामावर पेटंटचा अर्ज करायचा असेल, तर काय, याचेही उत्तर अटीत असले पाहिजे. विद्यापीठ ज्या लघुसंशोधन प्रकल्पांना स्वतः निधी देते, त्यांच्यापुरती सक्ती करावी. निधी घेतला म्हणजे अट मान्य केली, एवढे तर्कशुद्ध आहे. कॅसला हात लावायचा असेल, तर आधी पदे भरा.

ग्रंथपाल, सांगली

निधी मिळालेल्या प्रकल्पांपासून सुरुवात करण्यास माझी संमती आहे, आणि पेटंटच्या अर्जासाठी मसुदा बंद ठेवण्याची सोय रिपॉझिटरीत असतेच. परंतु पदे भरेपर्यंत थांबा, हे मला मान्य नाही. विट्याच्या मॅडमनी सांगितलेले मराठी लेख पदभरतीची वाट पाहत शिल्लक राहणार नाहीत; ते स्कॅन करण्याचे काम आमच्या ग्रंथालयात याच सत्रात सुरू करता येईल, आणि त्यासाठी कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही. मॅडम, आपल्या विभागाकडे कोणत्या नियतकालिकांचे जुने अंक आहेत, ते कृपया कळवावे.