वितळायच्या आत हिमनदी बघून घ्यावी का?

पायवाट:
गेले दोन आठवडे घरात एकच विषय चालू आहे. मुलगी बारा वर्षांची. शाळेत हिमनद्यांवर प्रकल्प केला तेव्हापासून तिने धोशा लावलाय, "संपायच्या आत मला एक तरी दाखवा." आम्ही चौघं. विमानाचं एका बाजूचं अंतर साधारण 7,000 किलोमीटर. पैसे साठवलेत, रजाही मिळेल. पण तिकिटं काढायला बसलो की हात अडतो. जे तापमानवाढीने संपतंय ते बघायला त्यात भर घालत जायचं? की चौघांच्या न जाण्याने काही फरक पडत नाही आणि मी उगीच पोरीचं मन मोडतोय? असा प्रवास केलेल्यांनी किंवा मुद्दाम टाळलेल्यांनी सांगा.

वाटसरू:
जाऊन या. विमान तुमच्यावाचूनही उडणारच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा जेमतेम अडीच टक्के आहे. मुलीचं वय परत येणार नाही.

निळाई:
वाटसरू, अडीच टक्के बरोबर, पण ते कोणाचे? 2018 साली जगातल्या फक्त 11 टक्के लोकांनी विमानप्रवास केला, देशाबाहेर तर 2 ते 4 टक्क्यांनीच. प्रवासी विमानांच्या धुरातला निम्म्याहून जास्त वाटा 1 टक्का लोकांचा आहे. शिवाय विमानामागे उमटणारे ढगांचे पट्टेही उष्णता अडवतात, ते या अडीच टक्क्यांत धरलेले नाहीत. आणि पर्यटन म्हणजे नुसतं विमान नव्हे. गाड्या, हॉटेलं, खाणंपिणं, खरेदी सगळं धरलं तर 2019 मध्ये हरितगृह वायूंचा 8.8 टक्के वाटा पर्यटनाचा होता.

पायवाट, मी 2019 च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडला ऱ्होन हिमनदी बघून आले. फुर्का घाटाच्या वळणावर बेल्व्हेदेर नावाचं जुनं हॉटेल आहे, दारं-खिडक्या बंद. एकोणिसाव्या शतकात बर्फ पार खालच्या खोऱ्यात ग्लेच या वस्तीपर्यंत पोचलेला असायचा. आता हॉटेलच्या मागून चालत जावं लागतं, आणि बर्फाच्या तोंडाशी तळं साचलंय. तिथे बर्फात दरवर्षी एक गुहा कोरायचे, 1870 च्या सुमारापासूनची प्रथा. ती गुहा टिकावी म्हणून वरून पांढरी कापडं अंथरली होती. जवळ गेले तर कापड मळकं, जागोजागी फाटलेलं, वाऱ्याने फडफडत होतं. आत निळा उजेड आणि सतत ठिबक. एक थेंब मानेवर पडला तेव्हा मी भिंतीवरचा हात काढून घेतला. आजारी माणसाच्या अंगावरची चादर नीट करावी तसं मला ते फाटकं कापड नीट करावंसं वाटलं. नंतर 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा 10 टक्के बर्फ गेला हे वाचलं तेव्हा तोच थेंब आठवला.

आता तुमचा हिशोब. एक किलो विमान-इंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. थेट उड्डाण, इकॉनॉमी वर्ग धरला तर जाऊन-येऊन माणशी सव्वा टनाच्या आसपास, म्हणजे चौघांचे पाच टन. जगातल्या एका सरासरी माणसाचा वर्षभराचा वाटा तेवढाच आहे. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री बर्फाचं मोजमाप करणाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की एका टनामागे सप्टेंबरमधला 3 चौरस मीटर बर्फ जातो. तुमच्या सहलीचे 15 चौरस मीटर. तो समुद्रावरचा बर्फ आहे, घाटातला नव्हे, पण माप डोळ्यांसमोर येतं. म्हणून "फरक पडत नाही" हे मला पटत नाही. फरक पडतो, तो किती ते मोजता येतो.

तरीही मी "जाऊ नका" म्हणणार नाही. मी त्यानंतर एकदाही विमानात बसले नाही. रजा जिथवर रेल्वे जाते तिथवर, आणि निघाले की दोन-तीन आठवडे तिथेच. जाणार असाल तर हा प्रवास पुढच्या कित्येक वर्षांचा धरून जा. दरवर्षी चार दिवसांसाठी उडणं हे खरं नुकसान आहे. हॉटेलातला टॉवेल पुन्हा वापरून ते भरून निघत नाही.

प्रवाळ:
मी मालदीवला डायव्हिंग शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. 2016 मध्ये इथलं पाणी तापलं आणि निम्म्याहून जास्त प्रवाळ पांढरं पडलं. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, आदल्या वर्षी जांभळं असलेलं प्रवाळ हाडासारखं दिसत होतं. या देशातली 80 टक्के बेटं समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाहीत. पण 2020 मध्ये मार्चअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पर्यटक बंद झाले तेव्हा माझ्या हाताखालची पोरं रोजगार नसल्याने घरी बसली. बंधारा बांधायचा तर पैसा त्याच पर्यटनातून येतो. मला येणारी माणसं हवीत. फक्त तीन रात्री राहून परत उडणारी नकोत. निळाईताईंशी मी सहमत आहे.

वाटसरू:
11 टक्क्यांचा आकडा मला ठाऊक नव्हता. मी वर्षाला तीनदा तरी उडतो. विचार करायला लागेल.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलीला 15 चौरस मीटरचा हिशोब सांगितला. ती उठली, मेजरिंग टेप आणली आणि बैठकीची खोली मोजली. साडेचार गुणिले सव्वातीन. म्हणाली, "म्हणजे ही सगळी खोली." मग बराच वेळ मधोमध बसून राहिली. आज सकाळी तिने स्वतःच सांगितलं की एकदाच जाऊ, महिनाभर राहू, आणि तिची शाळा संपेपर्यंत पुन्हा विमान नको. बायकोलाही पटलं. तिकिटं अजून काढली नाहीत.

निळाईताई, घाटातल्या त्या वळणापर्यंत बस जाते का? गाडी भाड्याने घ्यायची नाही असं ठरतंय.

निळाई:
जाते. घाट बर्फामुळे हिवाळाभर बंद असतो, साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडा. पिवळी पोस्टबस हॉटेलसमोरच थांबते. खाली रेल्वे स्टेशन आहे, तिथून बस पकडा. मुलीला स्वेटर द्या, वर ऑगस्टमध्येही थंडी वाजते.