मदत हवी आहे: अंधार पडण्याआधी संपणाऱ्या क्षेत्रभेटीत बेडूक-साप कसे दाखवावेत?

नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पदवीच्या वर्गाची पावसाळी क्षेत्रभेट यंदा जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला या पट्ट्यात न्यायची आहे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत अभ्यासासाठी शिरायचे असल्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती वेळेत हाती पडेल याची खात्री नसल्याने अभयारण्याबाहेरचे ओढे, सडे (उघडी कातळी पठारे) आणि रस्त्याकडेचे कातळ एवढ्यावरच भागवण्याचा विचार आहे.

अडचण वेळेची आहे. विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, दिवस मावळायच्या आत परत आल्या पाहिजेत अशी पालकांची आणि महाविद्यालयाची अट आहे, आणि ती मला गैर वाटत नाही. पण ज्यांना पाहायला जायचे ते बहुतेक प्राणी रात्रीचे. दिवसा चाळीस जणांचा घोळका सड्यावर पसरला की एखादी सापसुरळी सळकन निसटते, कुठे सरडा दिसतो, आणि मग कंटाळलेली मुले दिसेल तो दगड उलथायला लागतात. वहीत नोंद काय, तर ‘बेडूक, लहान, तपकिरी’. भातखाचरातले ते लहान तपकिरी बेडूक मिनर्वार्या वंशाचे असावेत एवढे मलाही सांगता येते, पण त्यांच्या जाती नुसत्या रूपावरून वेगळ्या काढणे अवघड असल्याचे मी वाचले आहे.

तेव्हा दिवसाउजेडी खात्रीने काय दाखवता येईल, दगडांची नासाडी कशी टाळावी, आणि प्राणी न पकडता उपयोगी पडेल अशी नोंद कशी घ्यावी, याबद्दल या भागात फिरलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

मॅडम, प्रौढ बेडकांचा नाद सोडा आणि वर्गाला बेडकांची अंडी व भैरे (अंड्यानंतरची, शेपटी असलेली अवस्था) शोधायला लावा, असे मी सुचवेन. ती दिवसाही जागच्या जागी असतात आणि घोळक्याला घाबरून पळत नाहीत. घाटातल्या ज्या कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहत असतो, तिथे तोंड जवळ नेऊन पाहिल्यास इंडिराना वंशाच्या बेडकांचे भैरे दगडाला चिकटलेले दिसतील. लांबट शेपटी, लवकर फुटलेले मागचे पाय, रंग कातळासारखाच. हालचाल झाल्याशिवाय नजरेस पडत नाहीत. डबक्यात पोहणाऱ्या भैऱ्यांशी तुलना करायला याहून चांगला नमुना नाही. डबक्यावर वाकलेल्या फांद्यांना मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी लटकलेली असतात, तीही पांढरी असल्याने लांबून दिसतात. झुडपी बेडकांचे भैरे मात्र पाण्यात शोधू नयेत, कारण रावोर्चेस्टिस वंशात भैऱ्याची अवस्था अंड्यातच पूर्ण होते आणि बाहेर येते ते थेट पिल्लू. एवढ्या तीन गोष्टी मुलांनी डोळ्यांनी पाहिल्या, तर उभयचरांच्या प्रजननाचा धडा निम्मा शिकवून झाला.

दगडांबद्दल माझे मत कडक आहे: वर्गाने दगड उलथूच नयेत. सड्यावरच्या सुट्या दगडाखालची ओल हाच तिथल्या जिवांचा आसरा, आणि दगड दोन बोटे जरी सरकून पडला तरी ती ओल मोडते. याच चोर्ल्याहून २००७ साली म्हादई नदीच्या नावाने देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली. पाय नसलेले, मातीत राहणारे हे उभयचर अशा उलथापालथीत सहज चिरडले जातात. दाखवायचेच असेल तर शिक्षकाने एकच दगड उचलावा. त्याची पलीकडची कड काठीच्या आकड्याने आपल्याकडे उचलावी, म्हणजे खाली फुरसे असले तरी मध्ये दगडाची आड राहते आणि त्याला समोरून निघून जायला वाट मिळते. नंतर दगड होता त्याच खाचेत ठेवावा. सर्वांना गमबूट सक्तीचे करा. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते; घाटातला हिरवा चापडा किंवा मलबारी चापडा चावल्यास तिचा भरवसा धरता येत नाही.

नोंदीसाठी मोबाइल पुरतो. प्रत्येक प्राण्याचा वरून, बाजूने आणि जमल्यास बोटांमधल्या पडद्याचा फोटो, शेजारी पट्टी, आणि ठिकाण, वेळ, पाऊस, जमीन एवढे लिहावे. मिनर्वार्या वंशापर्यंतच थांबावे. पुढचे नाव अंदाजाने लिहू देऊ नका. किती जणांनी किती मिनिटे शोधले तेही टिपा, कारण त्याशिवाय दोन जागांच्या नोंदींची तुलना होत नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत संरक्षित प्राणी पकडणे हीही शिकारच, हे साप धरण्याची हौस असलेल्या मुलांना आधीच सांगा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार, सर. ओल्या कातळांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. आता मार्ग त्याप्रमाणे आखते. एकच शंका उरली आहे. मुले डास आणि जळवांसाठी मलम फासून येतात. ते हात भैऱ्यांच्या पाण्यात गेले तर अपाय होतो का?

प्रतिसाद २

होतो. बेडकांची कातडी श्वासाला आणि पाणी शोषायला वापरली जात असल्याने मलमातली रसायने थेट आत जातात, आणि भैऱ्यांना तर त्याच पाण्यात राहायचे असते. मलमाऐवजी जळवांचे मोजे आणि पूर्ण बाह्यांचे सदरे सांगा. शिवाय एका ओढ्यातून दुसऱ्याकडे जाताना बुटांचा चिखल घासून धुवा आणि बूट कोरडे होऊ द्या, कारण बेडकांच्या कातडीचा बुरशीजन्य रोग ओल्या बुटांबरोबर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. एका दिवसात दोन ओढे करायचे असतील, तर बुटांचा दुसरा जोड घेऊन जाणेच सोयीचे.