‘स्लॅप’ दाव्याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ३ मे २०२४ च्या जागतिक पत्रकारिता स्वातंत्र्य दिनाचा विषय पर्यावरणाचं संकट आणि पत्रकारिता हा होता. युनेस्कोने तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार २००९ ते २०२३ या काळात पर्यावरणाच्या बातम्या देणारे किमान ७४९ पत्रकार, त्यांचे गट व माध्यमसंस्था यांच्यावर हल्ले झाले. त्यात मारहाण आणि खुनांबरोबर कायद्याच्या मार्गाने दिलेला त्रासही मोजला आहे. या त्रासाच्या संदर्भात ‘स्लॅप’, म्हणजे टीका करणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी लावलेला दावा, हा शब्द सारखा येतो. मराठीत काय लिहावं? ‘रणनीतिक खटला’ कानाला खटकतं.

उत्तर: खटकतं, आणि चूकही आहे. मूळ शब्द ‘स्ट्रॅटेजिक लॉसूट अगेन्स्ट पब्लिक पार्टिसिपेशन’ याची आद्याक्षरं. डेन्व्हर विद्यापीठातल्या प्रिंग आणि कॅनन या दोघांनी १९८० च्या दशकात तो रूढ केला. उच्चार इंग्रजीत थपडेला असलेल्या ‘स्लॅप’ या शब्दासारखा व्हावा हीच गंमत. आपल्याकडे ती आयती आहे. मुस्कट म्हणजे तोंड. मुस्कटात मारतात ती थप्पड, आणि तोंड दाबलं की मुस्कटदाबी. म्हणून ‘मुस्कटदाबीचा दावा’. एकाच शब्दात मारणं आणि गप्प करणं दोन्ही आलं.

दुसरं उत्तर: शब्द छान आहे, पण अग्रलेखात. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाच्या बातमीत तो निकाल दिल्यासारखा होतो. तिथे ‘अब्रूनुकसानीचा दावा’ लिहा आणि ‘ही मुस्कटदाबी आहे, असं पत्रकाराच्या वकिलांचं म्हणणं आहे’ अशी जोड द्या.

‘खटला’ मात्र जपून वापरा. भरपाई मागितली की तो दिवाणी दावा. शिक्षा मागितली की फौजदारी खटला. अब्रूनुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. दाव्यात कैद नाही, पण रक्कम कोटींत जाते, आणि तारखांना हजेरी लावण्यातच बातमीदार थकतो. दावा जिंकणं हा हेतू नसतोच.

तिसरं उत्तर: ‘बातमीला स्थगिती’ ही आणखी एक नेहमीची चूक. स्थगिती एखाद्या आदेशाला किंवा कामकाजाला मिळते. बातमी छापू नका असं सांगणारा तो तात्पुरता मनाई हुकूम. समोरच्याचं ऐकण्याआधी दिला तर एकतर्फी. खरा घाव इथेच बसतो: सांडपाण्याची बातमी त्या हंगामात छापली गेली नाही, तर पुढे दावा फेटाळला गेला तरी नदीकाठच्या गावाला उपयोग शून्य. वकिलाची नोटीस आली की संबंधित न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आधी आमचं ऐका’ अशी आगाऊ सूचना, दाखल करतात. ते ९० दिवस चालतं, म्हणजे त्या मुदतीत आपल्याला कळवल्याशिवाय हुकूम मिळवणं अवघड होतं. याला मराठी शब्द शोधत बसू नका, कोर्टात सगळे कॅव्हेटच म्हणतात. मात्र ते चुकीच्या न्यायालयात दिलं तर निरुपयोगी.

प्रश्न: मनाई नाकारल्याचं पर्यावरणातलं उदाहरण?

उत्तर: ओडिशातल्या, तेव्हा टाटांचा वाटा असलेल्या धामरा बंदराचं. बंदरामुळे धोका असलेल्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या बाजूने ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने टाटांवर टीका करणारा ऑनलाइन खेळ काढला, तेव्हा टाटा सन्सने १० कोटींचा दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी मनाई नाकारली. ‘दावा फेटाळला’ असं लिहू नका. मनाईचा अर्ज आणि मूळ दावा वेगळे.