मदत हवी आहे: जुनी होंडा सिटी (सीव्हीटी) घ्यावी की मारुती सियाझ (मॅन्युअल)?

नमस्कार. आरटीओचे हस्तांतरण आणि सुरुवातीची डागडुजी धरून सात लाखांच्या आत वापरलेली पेट्रोल सेडान घ्यायची आहे. आम्ही कोल्हापुरात राहतो. रोजचे फिरणे शहरातच असते, मात्र आईच्या उपचारांसाठी वरचेवर पुण्याला जावे लागते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्याने मागच्या सीटवर पाय पसरून बसता येणे ही पहिली अट आहे. माझाही डावा गुडघा अलीकडे दुखू लागला आहे, म्हणून ऑटोमॅटिक मिळाली तर बरे. ही अट मानावी की नुसती इच्छा, हे मात्र ठरत नाही, आणि खरा पेच तिथेच आहे.

पाहिलेल्यांपैकी दोन गाड्या मनात राहिल्या. पहिली २०१८ ची होंडा सिटी व्हीएक्स, सीव्हीटी (म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पुणे पासिंग, दुसऱ्या मालकाकडची, ५२,००० किलोमीटर चाललेली. एजंटची मागणी ६.७० लाख. दुसरी २०१९ च्या मध्यातली मारुती सियाझ अल्फा, १.५ लीटर, मॅन्युअल, सांगली पासिंग, पहिल्याच मालकांकडे असलेली, ७१,००० किलोमीटर चाललेली, मागणी ६.४० लाख. ऑटोमॅटिक सियाझही शोधली, पण बजेटमध्ये बसणारी जवळपास मिळाली नाही.

कागदावरची तुलना आपणा सर्वांना ठाऊक असेलच. सिटीचे १४९७ सीसीचे इंजिन ११९ पीएस ताकद देते, तर सियाझचे १४६२ सीसीचे १०५ पीएस. सियाझचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २६५० मिलिमीटर, म्हणजे सिटीपेक्षा ५० मिलिमीटरने जास्त, आणि हा फरक आईला मागे बसवून पाहिल्यावर खरोखरच जाणवला. डिकी दोन्हींची ५१० लीटरची असल्याने वॉकर कुठेही मावेल. कंपनीने सांगितलेले मायलेज सिटी सीव्हीटीचे लीटरला १८ आणि सियाझचे २१.५६ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येणार हे गृहीत धरले आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२२ च्या अपघात-सुरक्षा चाचणीत याच पिढीच्या सिटीला पाचपैकी चार तारे मिळाले होते, ही तिच्या बाजूची गोष्ट. सनरूफचे मला काडीचेही कौतुक नाही.

आता अडचणीचे मुद्दे. सिटीच्या अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी ३१,००० किलोमीटरपर्यंतच आहेत. त्यानंतर गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये जात होती असे एजंट सांगतात, परंतु बिले एकही नाहीत. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुलींवर फिरतो आणि त्याला होंडाचे ठरावीक तेलच लागते. ते साधारण ४०,००० किलोमीटरच्या आसपास बदलले गेले की नाही, किंवा बदलताना साधे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल भरले गेले का, हे कळायला मार्ग नाही. चालवून पाहताना गाडी गुळगुळीत चालली, पण ती आधीच गरम करून ठेवलेली होती. टायरवरचा शिक्का २३१८, म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. तेव्हा चारही टायर मूळचेच दिसतात आणि वयोमानानुसार ते बदलावेच लागतील. विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) शून्य आहे. एजंटच्या म्हणण्यानुसार फक्त बंपरचा क्लेम झाला होता. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यामुळे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवणे बंधनकारक आहे. तीही अजून नाही.

सियाझच्या मालकांकडे प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारीखवार लावलेले आहे. त्यांच्या पॉलिसीत ५० टक्के बोनस दिसतो, मात्र हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर नेता येतो, त्यामुळे तेवढ्यावरून गाडी अपघातमुक्त ठरत नाही, हे मी जाणतो. क्लच जड लागतो आणि पुढच्या डाव्या चाकाकडून खड्ड्यात ठक असा आवाज येतो. आरसीवर बँकेचा बोजा अजून नोंदलेला आहे. कर्ज फिटल्याचे ते सांगतात. बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पैसे देणार नाही. शिवाय या गाडीत स्मार्ट हायब्रिडची लिथियम-आयन बॅटरी आहे. ती गाडी एकटीने ओढत नाही, इंजिनाला थोडा हातभार लावते आणि सिग्नलला बंद झालेले इंजिन पुन्हा सुरू करते, इतकेच.

माझा कल सियाझकडे आहे, पण घरात सर्वांचे मत सिटीचे पडते. अनुभवी सदस्यांनी पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे, ही विनंती. नोंदी नसलेल्या सीव्हीटीची परीक्षा सकाळी थंड इंजिनावर, चढावर रिव्हर्स घेऊन आणि पन्हाळ्याच्या घाटात चालवून पुरेशी होते का, की अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तेल तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये? सियाझची लिथियम बॅटरी कोणाला बदलावी लागली असल्यास ती किती वर्षांनी आणि किती खर्चात? ७१,००० वर जड झालेला क्लच बदलल्यावर पेडल पुरेसे हलके होते का? तसे होत असेल तर माझ्या गुडघ्याचा प्रश्न बराचसा सुटेल.

इथेनॉलमिश्रित ई-२० पेट्रोलबद्दलही लिहावे. २००९ पासूनच्या आपल्या गाड्यांचे सुटे भाग या इंधनाला चालतात असे होंडाने जाहीर केले आहे. २०१९ ची सियाझ हे पेट्रोल भरून सतत चालवणाऱ्यांना रबरी नळ्यांचा किंवा मायलेजचा काही त्रास जाणवला का?

सियाझच्या मालकांना मी रविवारपर्यंत कळवतो असे सांगितले आहे. सिटीसाठी एजंट पंचवीस हजार टोकन मागत आहेत, पण तपासणीत दोष निघाल्यास ते परत देण्याचे लेखी द्यायला तयार नाहीत.