‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ : कोण वारलं?

मामांच्या जागेचा जुना भाडेपट्टा परवा कपाटातून काढला. इंग्रजीत टाइप केलेला, घडीवर फाटत आलेला. पानोपानी ‘द सेड डिमाइज्ड प्रिमायसेस’. मी मोठ्यानं वाचत होतो, तर मामा म्हणाले, "डिमाइज कुणाचं? मी इथं बसलोय की!" ८१ वर्षांच्या माणसाला काय उत्तर देणार? पुढं ‘विटनेसेथ’ आहे आणि एका ओळीत जमिनीसोबत चक्क ‘मेसेजेस’ भाड्यानं दिलेत. जाणकारांनी उलगडा करावा.

---

मामांना म्हणावं, निर्धास्त राहा. बरीच वर्षं दस्त तपासण्यात गेली, पण हा घोटाळा दर दोन-चार महिन्यांनी कुणाच्या तरी घरी होतोच.

‘डिमाइज’चा मूळ अर्थ मरण नाहीच. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द, अर्थ ‘सोडून देणं, दुसऱ्याकडे सोपवणं’. जागा भाडेपट्ट्यानं दिली की ती ‘डिमाइज’ केली. राजा गेला की राज्य वारसाकडे जातं, म्हणून इंग्लंडात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणू लागले. खरं तर तिथं गादीचं हस्तांतर अभिप्रेत आहे, राजानं गादी सोडली तरी हाच शब्द. लोकांनी मात्र राजाचं मरण तेवढं लक्षात ठेवलं आणि पुढं कुणीही गेलं तरी ‘डिमाइज’ झालं.

‘प्रिमायसेस’ची गंमत याहून मोठी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘आधी मांडलेलं’. दस्तात सुरुवातीला मिळकतीचं सगळं वर्णन यायचं, मग दर वेळी ते परत लिहायला नको म्हणून नुसतं ‘प्रिमायसेस’, म्हणजे ‘वर सांगितलेलं ते’. वाचणाऱ्यांना वाटलं, प्रिमायसेस म्हणजे इमारतच! आपल्याकडे ‘मजकूर’चं अगदी असंच झालंय. मूळ अरबी अर्थ ‘उल्लेख केलेला’. ‘मौजे मजकूर’ म्हणजे ‘वर सांगितलेलं गाव’. आज मजकूर म्हणजे छापलेलं लिखाण. तेव्हा ‘द सेड प्रिमायसेस’ म्हणजे ‘सदर मजकूर’ म्हटल्यासारखं, एकच गोष्ट दोनदा.

‘विटनेसेथ’ सोपा आहे. क्रियापदाला पूर्वी ‘एथ’ लागायचं, आता ‘एस’ लागतो. ‘हा दस्त साक्ष देतो की’, एवढंच. आपल्या ‘कारणे लिहून देतो ऐसा जे’चा चुलतभाऊ.

मेसेजेसचं मात्र मूळ कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. स्पेलिंग कळवा.

---

कागद परत बघितला. ‘एस एस’नंतर ‘यू’ आहे. माझीच डोळ्यांची चूक.

---

मग तो ‘मेस्विज’. राहतं घर, त्यालगतच्या खोल्या-गोठे आणि भोवतीची जागा, सगळं मिळून. चूक तुमच्या एकट्याची नाही. एका कार्यालयात संगणकानं हा शब्द आपणहून ‘मेसेज’ केला आणि तो तसाच सहीपर्यंत गेलेला मी पाहिलाय. अशा दस्तांत त्याच्या जोडीला ‘हेरेडिटामेंट्स’ही भेटतात, म्हणजे वारशानं जाऊ शकेल अशी मिळकत. इंग्रजांचा पाल्हाळ म्हणून हसू नये. आपल्या खरेदीखतांत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’ असतंच की. चाळीतल्या दोन खोल्यांच्या दस्तातसुद्धा मी तृण आणि पाषाण वाचलेत.

---

यात ‘लेट’ची भर घालतो. आपल्या पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावानं विनंती असते, धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. ‘लेट’ म्हणजे जाऊ देणं, मग ‘विदाउट’ कसं? हा ‘लेट’ वेगळा, अर्थ अडथळा. जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदं होती, घासून घासून एकसारखी झाली. अडवणारा ‘लेट’ आता पासपोर्टवर आणि टेनिसमध्ये उरलाय. सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे बरोबर चौकटीत पडली की ‘लेट’.

---

आणि इंग्रजी दस्तांत एकाच अर्थाच्या दोन-दोन शब्दांच्या जोड्या का? १०६६ नंतर इंग्लंडात राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, रयत इंग्रजी. दस्तात दोन्हीकडचे शब्द शेजारी बसले : ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’. आपलं ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’, ‘बाजारहाट’ पाहा. एक शब्द आपला, एक फारसी-अरबीतून आलेला. फरक इतकाच, आपल्या जोड्या घरात रुळल्या, त्यांच्या बहुतेक दस्तातच राहिल्या.

---

सगळं मामांना वाचून दाखवलं. "मग ‘दिलेली जागा’ लिहायला काय झालं होतं?" म्हणाले. मग चष्मा लावून ‘क्वाएट एन्जॉयमेंट’च्या कलमावर बोट ठेवलं. वरच्या मजल्यावर सकाळपासून ड्रिल चालू आहे.

---

ते कलम आवाजाबद्दल नाही हो. ‘एन्जॉय’ म्हणजे इथं मजा नव्हे, हक्काचा उपभोग. ‘क्वाएट’ म्हणजे निर्वेध. मालकानं किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यानं वहिवाटीत ढवळाढवळ करायची नाही, एवढीच हमी. वरच्या बिऱ्हाडाच्या ड्रिलसाठी जिना चढून जावं लागेल.